थांबविणारी तबकडी

मोटारीच्या इतिहासांत वेगाच्या नोंदी मोठ्या कसोशीनें जपल्या गेल्या आहेत. कोणत्या सालीं कोणत्या गाडीनें ताशीं किती मैल गांठले, तिच्या इंजिनांत किती घोड्यांचें बळ होतें, हें सांगणारीं पुस्तकें हवीं तितकीं मिळतात. तीच गाडी उभी करावयास किती जागा लागली, हें मात्र क्वचितच कोणीं लिहून ठेविलें आहे. वास्तविक, जी गाडी हमखास थांबवितां येते तीच वेगानें हांकण्याची माणसाची छाती होते. म्हणून ब्रेकाचा इतिहास हा वेगाच्याच इतिहासाचा, पण झांकून राहिलेला, अर्धा भाग आहे.

उभ्या असलेल्या मोटारीच्या पुढच्या चाकांत, आऱ्यांच्या फटींतून डोकावून पाहिलें, तर ग्रामोफोनच्या तबकडीएवढी एक लोखंडी तबकडी चकाकतांना दिसते. ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असून चाकाबरोबर फिरते. तिच्या एका कडेवर चिमट्यासारखा एक अवजड भाग बसविलेला असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. पायाखालचें पेडल दाबलें कीं बारीक नळींतून तेलाचा दाब या चिमट्यापर्यंत पोंचतो, त्यांतील दट्ट्या पुढें सरकतो, आणि दोन्ही अंगांचे पॅड तबकडीला घट्ट धरतात. सायकलीचा ब्रेक रिमेला जसा दोहों बाजूंनीं पकडतो तसाच हा प्रकार. एवढी ही साधी युक्ति. परंतु ती सुचल्यापासून सर्रास वापरांत येईपर्यंत सुमारें पन्नास वर्षें गेलीं. इतकीं वर्षें ती कशाची वाट पाहत होती, हेंच येथें सांगावयाचें आहे.

थांबणें म्हणजे काय, हें आधीं पाहिलें तर पुढची हकीकत समजण्यास सोपी जाईल. हजार किलो वजनाची गाडी ताशीं शंभर किलोमीटर वेगानें चालली असतां तिच्या अंगीं जी शक्ति असते ती कोठें नाहींशी होत नाहीं. ब्रेक लागला कीं तिची उष्णता होते. हिशेब केला तर ही उष्णता सुमारें सव्वा लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. घरच्या शेगडीवर ज्याला कांहीं मिनिटें लागतात, तें काम येथें चार-पांच सेकंदांत उरकतें. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. तेव्हां ब्रेक बनविणाऱ्यापुढें प्रश्न दोन: गाडी धरावयाची कशी, आणि धरल्यावर उत्पन्न होणारी आंच घालवावयाची कोठें. पहिला प्रश्न लवकर सुटला. दुसऱ्यानें फार दिवस छळलें.

दोन्ही प्रश्नांचें उत्तर ज्याला एकदमच सुचलें तो गृहस्थ म्हणजे फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. जन्म १८६८ चा. विमानाच्या पंखाला हवेंत उचल कशी मिळते याचा विचार त्यानें विमानें नीट उडूं लागण्यापूर्वींच मांडला होता; असल्या मनुष्याला मोटारीचा ब्रेक हा किरकोळ विषय वाटावयाचा, पण तसें झालें नाहीं. बर्मिंगहॅम येथील आपल्या कारखान्यांत त्यानें १९०२ सालीं चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी, आणि तिच्या कडेला दोन्ही अंगांनीं पकडणारा चिमटा, अशी योजना करून तिचें पेटंट घेतलें व ती आपल्या गाड्यांना बसविलीही. तबकडी उघड्यावर असल्यामुळें वारा तिच्यावर सारखा खेळे. आंच बाहेर जाण्यास वाट मोकळी होती.

पण तबकडीला धरावें कशानें? त्या काळीं हाताशीं होतें तें तांबें. रस्ते म्हणावे तर खडबडीत आणि धुळीनें भरलेले. ती धूळ तबकडी व तांबें यांच्या मध्यें शिरे, आणि सहाणेवर चंदन झिजावें तसें तांबें झिजून जाई. धातूवर धातु घांसल्यामुळें कानठळ्या बसविणारी किंकाळी उठे ती निराळीच. जो उघडेपणा तबकडीचा गुण, तोच तेव्हांच्या रस्त्यांवर तिचा दोष ठरला.

त्याच १९०२ सालीं फ्रान्समध्यें लुई रेनो यानें ढोलाचा ब्रेक पुढें आणला. चाकाच्या आंतल्या बाजूस पातेल्यासारखा एक ढोल, आणि त्याच्या पोटांत अर्धचंद्राकृति दोन ‘शू’. पेडल दाबतांच ते फांकतात व ढोलाला आंतून घांसतात. यांत एक मोठी सोय होती. फिरता ढोल पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढूं पाहतो, त्यामुळें तो शू आपोआपच अधिक घट्ट रुततो. म्हणजे चालकाच्या पायाला खुद्द गाडीचीच गति साह्य करते. तबकडीच्या ब्रेकांत ही आयती मदत नाहीं. तेथें जेवढा जोर पायानें द्यावा तेवढाच पदरांत पडतो. तारा आणि दांडे यांच्या साह्यानें ब्रेक ओढण्याच्या त्या दिवसांत ढोलाचीच सरशी व्हावी, यांत नवल नाहीं. पुढचीं चाळीस-पन्नास वर्षें त्याचेंच राज्य चाललें.

घांसणारा पदार्थ कोणता असावा, हा प्रश्न मात्र ढोलालाही चुकला नव्हता. त्याचें उत्तर इंग्लंडांतल्या डर्बीशायर परगण्यांतील डोंगरी रस्त्यांवर मिळालें. तेथील गाडीवान उतारावरून घोडागाडी नेतांना चाकाला लागणाऱ्या लांकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचें कातडें ठोकीत असत, ही गोष्ट हर्बर्ट फ्रूड नांवाच्या माणसाच्या नजरेस आली. (सह्याद्रीचे घाट बैलगाडीनें उतरणाऱ्या गाडीवानाला ही अडचण मुळींच परकी वाटली नसती.) फ्रूडनें १८९७ च्या सुमारास ब्रेकाचे ठोकळे करावयास आरंभ केला, प्रथम कापूस आणि केंस यांचे, आणि मग १९०७-०८ च्या सुमारास त्यांत ॲस्बेस्टॉस हें न जळणारें खनिज आलें. स्वतःच्या आडनांवांत पत्नी एलिझाबेथ हिच्या नांवाचें आद्याक्षर मिसळून त्यानें मालाला ‘फेरोडो’ असें नांव दिलें. ॲस्बेस्टॉस आल्यावर किंकाळी पुष्कळ शमली, झीज कमी झाली, आणि लँचेस्टरला जी वस्तु हवी होती ती बाजारांत मिळूं लागली. पण तोंपर्यंत लोक तबकडी विसरून गेले होते.

ढोलाची खोड कळावयास लांब उतार हवा. खंडाळ्याचा घाट उतरतांना जो चालक गाडी खालच्या गिअरमध्यें न ठेवितां पाय सतत ब्रेकावर ठेवितो, त्याला अर्ध्या वाटेंत पेडल नेहमींपेक्षां खोल जाऊं लागल्याचें जाणवतें. आंतून तापलेला ढोल फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. शूवरचा पदार्थ तापून निसरडा होतो. आणि बंद पातेल्यांतली आंच बाहेर पडावयास वाट नसते. ब्रेक जितका अधिक दाबावा तितका कमी लागतो. तबकडीचें याच्या उलट आहे. ती तापली तर जाडीनें किंचित् वाढते, म्हणजे पॅडाच्या जवळच येते, आणि वाऱ्यावर निवतेही लवकर. पाण्याचें तेंच. पावसाळ्यांत साठलेल्या पाण्यांतून गाडी नेल्यावर ढोलांत शिरलेलें पाणी तेथेंच बसून राहतें, आणि पुढच्या चौकांत ब्रेक लागत नाहीं. तबकडीवरचें पाणी मात्र फिरतांना उडून जातें, राहिलेलें पॅड पुसून काढतो.

तबकडीला परत आणण्याकरितां जोराची उणीव भरून निघणें जरूर होतें. ती तेलाच्या दाबानें भरून काढली. अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यानें पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास बंद नळींतील द्रवाच्या दाबानें ब्रेक लावण्याची रीति सिद्ध केली, आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीला चारी चाकांवर असे ब्रेक आले. एका जागीं पायानें दाबावें आणि चारी चाकांवर सारखा, शिवाय हवा तितका वाढविलेला, जोर उमटावा, ही त्यांतील खुबी. आतां लँचेस्टरच्या कल्पनेला लागणारी सर्व सामग्री जगांत होती. नव्हती ती निकड.

निकड दुसऱ्या महायुद्धानें निर्माण केली. लहान धांवपट्टीवर जड विमान उतरवावयाचें तर चाकें क्षणार्धांत आणि न तापतां थांबलीं पाहिजेत. जर्मनींत आर्गुस कंपनीच्या तबकड्या विमानांना लागल्या, आणि मग १९४२ पासून टायगर या अजस्र रणगाड्यालाही. इंग्लंडांत डेम्लरच्या चिलखती मोटारीला १९४१ पासून तबकडीचे ब्रेक होते. येथें नियतीची थोडी थट्टा आहे. लँचेस्टरनें स्थापिलेला मोटारीचा कारखाना १९३१ च्या सुमारास विकला गेला तो डेम्लर ज्या समूहांत होती त्याच समूहाला. संस्थापक स्वतः तो कारखाना पूर्वींच सोडून गेला होता. १९४६ सालीं त्याला मृत्यु आला तेव्हां बाजारांत विकत मिळणाऱ्या एकाही सर्वसाधारण गाडीला तबकडीचा ब्रेक नव्हता.

युद्धानंतरचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेंत पॉवेल क्रॉसले यानें केला. हें नांव नभोवाणीच्या जुन्या श्रोत्यांस अपरिचित नसावें. स्वस्त रेडिओ-यंत्रें विकून आणि सिनसिनाटीचें बलाढ्य प्रक्षेपण-केंद्र चालवून हा मनुष्य श्रीमंत झाला, आणि मग त्याला स्वस्त मोटार करण्याची हौस लागली. १९४९ च्या त्याच्या ‘हॉटशॉट’ या चिमुकल्या गाडीला विमानावरून उचललेले तबकडीचे ब्रेक होते. ब्रेक लागत उत्तम. परंतु अमेरिकेच्या उत्तर भागांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. विमान धांवपट्टीवर मिनिटभर धांवतें. मोटारीला त्या मिठाच्या चिखलांतून सबंध हिंवाळा जावें लागतें. मिठानें चिमट्यांचे दट्टे गंजून अडकले, लोकांनीं हैराण होऊन तक्रारी केल्या, आणि थोड्याच महिन्यांत क्रॉसलेनें पुन्हां ढोलाचा आश्रय केला. नवी युक्ति फसली कीं तिची बदनामी तिच्या गुणांपेक्षां लांबवर पोंचते. अमेरिकेंत तबकडी सर्रास रुजण्यास पुढें दहा-पंधरा वर्षें लागलीं याला हेंही एक कारण असावें.

इकडे इंग्लंडांत जॅग्वार व डनलॉप या दोन कंपन्यांनीं निराळा मार्ग धरला. विकावयाच्या गाडीवर प्रयोग करण्याऐवजीं त्यांनीं शर्यतीच्या गाडीवर प्रयोग केले. नॉर्मन ड्यूइस हा चाचणी-चालक तासन् तास गाडी पळवून थांबवीत असे. आरंभीं ब्रेकांतलें तेल उकळून त्याची वाफ होई आणि पेडल जमिनीला टेके. कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाहीं. एकेक दोष निस्तरीत १९५२ च्या जूनमध्यें रॅन्स येथें स्टर्लिंग मॉस यानें तबकडीच्या ब्रेकांच्या गाडीनें पहिला विजय मिळविला. खरी कसोटी पुढच्या वर्षीं ल मां येथें लागली.

ल मांची शर्यत चोवीस तासांची. सुमारें साडेतेरा किलोमीटरांचा एक फेरा, त्यांत एक सरळसोट लांब पट्टा, आणि त्याच्या टोंकाला एकदम काटकोनासारखें वळण. प्रत्येक फेऱ्याला तेथें गाडीनें भरधांव वेग सोडून जवळजवळ माणसाच्या धांवेवर यावें लागे. आणि असें दिवसा, रात्रीं, धुक्यांत, शेंकडों वेळां. ढोलाचे ब्रेक असलेल्या गाड्यांना पहांटेपर्यंत आपला ब्रेक जपून वापरावा लागे, म्हणजे वळणाच्या पुष्कळ आधींपासून वेग आवरावा लागे. जॅग्वारचे चालक टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांना ती काळजी नव्हती. ते शेंकडों यार्ड पुढें जाऊन ब्रेक लावीत. १९५३ ची ती शर्यत त्यांनीं ताशीं १०५ मैलांहून अधिक सरासरीनें जिंकली. त्या शर्यतींत शंभर मैलांची सरासरी तोंपर्यंत कोणीं गांठली नव्हती. आदल्या वर्षींच्या विजेत्या गाडीची सरासरी ९७ मैलांच्याही आंत होती. नऊ मैलांची ही वाढ सर्वस्वीं इंजिनाची नव्हती, हें त्या दिवशीं सर्वांच्या ध्यानांत आलें.

या विजयाची दुसरी, काळी बाजू दोन वर्षांनीं त्याच जागीं दिसली. ११ जून १९५५ रोजीं माइक हॉथॉर्न यानें आपली जॅग्वार एका ऑस्टिन-हीलीच्या पुढें काढली आणि लगेच मुक्कामाच्या फलाटाकडे वळण्यासाठीं ब्रेक लावला. तबकडीमुळें जॅग्वार फारच थोड्या अंतरांत मंदावली. मागचा चालक लान्स मॅक्लिन याच्या गाडीलाही तबकडीचे ब्रेक होते. पण वेळ उरला नव्हता, तो डावीकडे सरकला. डावीकडून पिएर लव्हेग याची मर्सिडीझ त्याहूनही अधिक वेगानें येत होती. तिला ढोलाचे ब्रेक होते, आणि त्यांच्या मदतीस चालकाच्या पाठीमागें उघडणारी एक हवेची झडप होती. मर्सिडीझ हीलीवर चढली, उडाली, बांधावर आदळून फुटली, आणि तिचे तुकडे प्रेक्षकांच्या गर्दींत शिरले. लव्हेग आणि ऐंशींहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखीं पडले. चौकशींत कोणाही चालकाला दोषी धरलें नाहीं. रस्ता अरुंद होता आणि प्रेक्षक फार जवळ होते. तें खरेंच आहे. तरी एक गोष्ट उरतेच: एकाच रस्त्यावर निरनिराळ्या अंतरांत थांबणाऱ्या गाड्या एकत्र धांवूं लागल्या, तर जो सर्वांत लवकर थांबतो तोही धोका होऊं शकतो. आजही रस्त्यावर नव्या हलक्या मोटारीच्या मागें लादलेला मालट्रक असतो तेव्हां हीच स्थिति असते.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत सित्रोएन कंपनीनें ‘डी. एस.’ ही गाडी मांडली. तिच्या पुढच्या चाकांकरितां तबकड्या होत्या आणि पेडलाच्या जागीं पायाखालीं एक रबरी बोंडूक होतें, अळंब्याच्या टोपीएवढें. पहिल्याच दिवशीं हजारों गाड्यांची मागणी नोंदविली गेली. मग इंग्लंडांत १९५६ सालीं ट्रायम्फ टी. आर. ३, पुढच्या वर्षीं जॅग्वार एक्स. के. १५०, आणि हळूहळू सर्वच. १९६९ मध्यें होंडाच्या सी. बी. ७५० या मोटार-सायकलीच्या पुढच्या चाकावरही तबकडी आली. हिंदुस्थानांत हें वारें उशिरां पोंचलें. मुंबईकरांच्या पिढ्यान् पिढ्यांनीं पाहिलेली फियाट ११०० डी ही टॅक्सी चारी चाकांना ढोल घेऊनच आयुष्यभर धांवली, आणि जुलैच्या पावसांत तिचे चालक पाण्यांतून बाहेर पडतांच पेडल हलकेंच दाबून ढोल सुकवून घेत.

आतां ही तबकडी घरोघरच्या गाडींत आहे, पण तिची निगा मात्र अंधारांतच होते. वर सांगितलेला इतिहास ध्यानीं ठेविला तर निगेचे नियम पाठ करावे लागत नाहींत. तबकडी उघडी आहे, म्हणून रात्रभर पावसांत राहिल्यावर सकाळीं तिच्यावर तांबूस गंज चढतो. तो पांच-सात वेळां ब्रेक लावतांच पुसला जातो, त्यानें घाबरूं नये. क्रॉसलेच्या गाडीचे दट्टे ज्या कारणानें अडकले त्याच कारणानें समुद्रकांठच्या गांवीं चिमट्याच्या सरकत्या भागांची साफसफाई अधिक वेळां करावी लागते. एका बाजूचा दट्टा अडकला तर एक पॅड झिजून जातो, दुसरा नवा राहतो, आणि ब्रेक लावतांना गाडी एका अंगाला ओढली जाते. जॅग्वारच्या चाचणींत जें तेल उकळलें त्याचा धडा असा कीं ब्रेकाचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें: ‘डॉट ४’ जातीचें नवें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं, पण ओलावा शोषला कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. दिसावयास तें तसेंच दिसतें. म्हणून दोनएक वर्षांनीं तें बदलावें, आणि घाट उतरण्यापूर्वीं तर बदललेलें असावेंच.

तबकडीच्या कडेवर किंवा मधल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. झिजून त्याखालीं गेलेली तबकडी उष्णता सांठवूं शकत नाहीं व तडकण्याचा संभव असतो. ती कांतून गुळगुळीत करून परत बसविण्याचा मोह पुष्कळ ठिकाणीं होतो, पण कांतल्यावर जाडी किती उरली हें मोजल्याशिवाय तसें करूं देऊं नये. ब्रेक लावतांना पेडल थरथरलें कीं ‘तबकडी वाकडी झाली’ असें लगेच सांगण्यांत येतें. बहुतेक वेळां ती तव्यासारखी वाकलेली नसते. पॅडाचा पदार्थ तिच्यावर असमान बसलेला असतो, किंवा ती बसवितांना मागें गंज राहिल्यामुळें वा चाकाचे नट कमीजास्त आंवळल्यामुळें मिलिमीटरच्या कांहीं शतांशांनीं डुलत असते. भरधांव गाडी एकदम थांबवून तापलेल्या तबकडीवर पॅड तसाच आंवळून धरल्यास त्याचा ठसा उमटतो, तोही याच थरथरीचें मूळ आहे. पॅड बदलावयाचे ते दोन्ही चाकांचे एकदम, आणि पहिले शंभर-दोनशें किलोमीटर सौम्य हातानें.

लँचेस्टरला ज्या किंकाळीनें सतावलें ती पुढें मुद्दाम परत आणण्यांत आली. पुष्कळ पॅडांना पोलादाची एक बारीक पट्टी लावलेली असते. पॅड झिजत आला कीं ती तबकडीला घांसून किंचाळते. हा आवाज रेडिओ मोठा करून दडपण्याजोगा नव्हे.

धुळीची गोष्ट मात्र अजून संपलेली नाहीं. फ्रूडनें आणलेला ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना मारक ठरला. रॉचडेल येथील कापडाच्या गिरणींत ॲस्बेस्टॉसचें सूत कांतणारी नेली केरशॉ ही स्त्री १९२४ सालीं मरण पावली, आणि तिच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर विल्यम कूक यांनीं तो रोग वैद्यकाच्या नियतकालिकांत प्रथम वर्णिला. तरी ब्रिटननें त्यावर संपूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्यें. मधल्या पंचाहत्तर वर्षांत ब्रेक उघडून हवेच्या झोतानें धूळ उडविणाऱ्या किती कारागिरांनीं ती छातींत घेतली याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. आजही ती धूळ झोतानें उडवूं देऊं नये; ओल्या फडक्यानें पुसावी. ॲस्बेस्टॉसच्या जागीं जे मिश्र पदार्थ आले त्यांत उष्णता वाहून नेण्यासाठीं तांब्याचे धागे होते. तें तांबें पावसाबरोबर नद्यांत उतरून माशांना बाधतें असें आढळल्यावर कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या अमेरिकन राज्यांनीं २०१० सालीं कायदे करून त्याचें प्रमाण टप्प्याटप्प्यानें उतरवावयास लाविलें. युरोपांत २०२४ साली संमत झालेल्या ‘युरो ७’ नियमांत धुराड्याच्या धुराबरोबर ब्रेकांतून उडणाऱ्या कणांनाही मर्यादा आली.

विजेच्या मोटारींत ब्रेकाचें बरेंचसें काम मोटरच करते आणि थांबतांनाची शक्ति बॅटरींत परत जाते. त्यामुळें तबकडी बेकार राहून गंजूं लागली. यावर उपाय म्हणून फोल्क्सवागेननें २०२० च्या आपल्या ‘आय. डी. ३’ या विजेच्या गाडीच्या मागच्या चाकांना पुन्हां झांकलेला ढोल बसविला. पुढच्या चाकांवर लँचेस्टरची तबकडी, मागच्या चाकांवर रेनोचा ढोल: १९०२ चे दोन प्रतिस्पर्धी एकाच गाडींत बसून आतां प्रवास करीत आहेत.